मासोळीचे पाणी



आम्हा कीर्तनकारांचा आणि मासोळीचा संबंध फार जुना. विरहाचा अभंग निरूपणाला घेतला की पाण्याबाहेर पडलेली मासोळी दृष्टांताला यायचीच. तिची तळमळ वर्णन करावी, श्रोत्यांचे डोळे ओलावले की टाळकऱ्यांकडे पाहावे आणि मृदंगावर थाप पडावी. पन्नास वर्षे हा दृष्टांत सांगितला आणि ऐकला. पण पाण्यात असलेली मासोळीही तळमळू शकते, ही गोष्ट कीर्तनात सांगायची वेळ कधी आली नाही. मासोळीला नुसते पाणी मिळून भागत नाही. ते पाणी कोणीतरी राखावे लागते. नदीत ते काम देवाच्या व्यवस्थेने होते. घरच्या काचेच्या टाकीत ते आपल्याला करावे लागते.

आमच्या बैठकीच्या खोलीत माशांची अशी एक टाकी आहे. गेल्या वर्षभरात तिचे रूप पालटले. प्लास्टिकच्या झाडांच्या जागी जिवंत वनस्पती आल्या, जुने मासे दुसऱ्या घरी गेले, नवे आले. बाब घरगुती आहे. पण ती पार पाडताना जे प्रश्न उभे राहिले, ते तुळशीची माळ घातलेल्या प्रत्येकाचे आहेत असे वाटले, म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांनी विचारला. घरी आले, टाकीकडे पाहिले आणि म्हणाले, “बुवा, गळ्यात तुळस आणि घरात मासे?”

मी म्हटले, “माउली, घरात आहेत, ताटात नाहीत.”

दोघेही हसलो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोकळ्या पाण्याचा जीव हौसेसाठी काचेत ठेवावा का? याचे उत्तर शोधताना मला भागवताचा आठवा स्कंध आठवला.

सत्यव्रत राजा कृतमाला नदीत तर्पण करीत होता. ओंजळीत पाण्याबरोबर एक लहानशी मासोळी आली. राजा तिला पुन्हा नदीत सोडू लागला, तेव्हा ती म्हणाली की मोठे जलचर मला खातील, मला नदीत टाकू नकोस. राजाने तिला कलशात ठेवले. एका रात्रीत कलश पुरेना. मोठ्या भांड्यात ठेवले, तेही पुरेना. मग सरोवर, मग त्याहून मोठे जलाशय आणि अखेर समुद्र. पुढे प्रलय, नाव, सप्तर्षी आणि मत्स्यावतार. कीर्तनात आपण लगबगीने प्रलयाकडे जातो, कारण रंग तिथे भरतो. पण आधीचा भाग थांबून पाहा. राजाने मासोळी मागितली नव्हती. ती ओंजळीत आली आणि त्याने ठेवून घेतली. त्या क्षणापासून तिला पुरेल एवढे पाणी शोधणे त्याच्या माथी आले. ती वाढली म्हणून त्याने तिला टाकली नाही, दर वेळी मोठे पात्र शोधले.

मला यात माझे उत्तर मिळाले. जीव घरी आणावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. आणल्यावर मात्र एकच मत. त्याचे पाणी आता आपल्या हाती आहे.

आता टाकीकडे येऊ. ही टाकी आठ वर्षांपूर्वी नातीच्या हट्टापायी आली. लांबी ३ फूट, रुंदी १ फूट, उंची दीड फूट. काठोकाठ भरली तर १२७ लिटर पाणी मावेल. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर साधारण १०० लिटर. तिच्यात दोन गोल्डफिश आणि एक ‘सकर’. सकर म्हणजे काचेवरचे शेवाळ चाटून खाणारा काळसर, खरबरीत मासा. आणला तेव्हा दोन इंचांचा होता, आता अकरा इंचांचा झाला. टाकीची रुंदी बारा इंच! वळताना त्याची शेपटी काचेला घासत असे. सत्यव्रताच्या कलशातली मासोळी आमच्या घरात रोज दिसत होती.

नात आता महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते. तिच्या मनात टाकीत खऱ्या वनस्पती लावायच्या होत्या. चौकशी केली तेव्हा एका दुकानदाराने सांगितले की एका दुपारचे काम आहे. सगळे उपसायचे, ब्लीचिंग पावडर लावून टाकी घासायची, जुनी खडी फेकायची, नवी माती भरायची, संध्याकाळी नवे मासे सोडायचे. मला ते सरळ वाटले. जुने घाण झाले की धुवावे, यात गैर काय?

नात म्हणाली, “आबा, असं केलं तर नवे मासे आठवड्याभरात मरतील. टाकीत जे खरं राबतंय ते आपल्याला दिसत नाही.”

मग तिने जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. वाहत्या नदीत तो विरून जातो, टाकीत साठतो. तरीही आमचे मासे आठ वर्षे जगले ते जिवाणूंमुळे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचे असेल तर माशांना सोसते, आणि वनस्पतींना तर ते अन्नच. हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. ते राहतात कुठे? खडीच्या दाण्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजात. ज्याला आपण मळ म्हणतो, त्या बुळबुळीत थरात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते, मग ब्लीचिंग पावडरचे काय सांगावे!

लोणचे मुरते तशी टाकी मुरते. आमची टाकी आठ वर्षे मुरलेली होती. ते मुरलेपण एका दुपारी गटारात ओतायचे आणि वर नवे, दिखाऊ मासे सोडायचे, म्हणजे पाया खणून कळस चढवण्यासारखे झाले असते.

हे ऐकताना मला नाथमहाराज आठवले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षांच्या आसपास हातोहात नकला होत गेल्या. कोणाच्या लेखणीतून अक्षर सुटले, कोणी आपल्या पदरची ओवी घातली, पाठ गढूळ झाला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, नाथांनी शोधन केले. नाथ स्वतः समर्थ ग्रंथकार. मनात आणते तर गीतेवर दुसरी टीका लिहिणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, अशुद्ध तेवढे काढले आणि मूळ जसेच्या तसे राखले. शोधन आणि धुऊन टाकणे यांत फरक आहे. शोधन करणाऱ्याला आधी काय राखायचे ते कळावे लागते.

आपल्या घरातल्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. तुळस एका वृंदावनातून दुसऱ्यात लावताना त्या मुळांची माती झाडत नाहीत. मातीच्या गोळ्यासकट उचलतात. आमच्या सौ. नातीचे बोलणे ऐकून एवढेच म्हणाल्या, “म्हणजे तुळशीसारखंच. यात नवीन काय?”

काम मग त्या बेताने सुरू झाले. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून क्रम देतो.

फिल्टरला हात लावला नाही. स्पंज तुंबला तेव्हा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळला, नळाखाली धरला नाही. रंगीत खडी एकदम काढली नाही. दर आठवड्याला एक भाग काढायचा आणि तिथे साधी बारीक खडी घालायची, असे तीन हप्ते केले. जुन्या खडीतली ओंजळ-दोन ओंजळ जाळीच्या पिशवीत बांधून टाकीतच ठेवली. तिच्यावरचे जिवाणू नव्या खडीवर पसरावेत म्हणून. दहीवाटीत विरजण ठेवतो तसे. दर शनिवारी पाव हिस्सा पाणी बदलायचे. आमच्या नळाचे पाणी आदल्या दिवशी पिंपात उघडे ठेवले की क्लोरीन उडते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असे उडत नाही. तिथे दुकानात मिळणारे औषधाचे थेंब घालावे लागतात.

वनस्पतींचेही असेच. गोल्डफिश कोवळे पान ठेवत नाही आणि खडी सतत उकरतो. म्हणून आधी जाड, कडक पानांच्या दोन जाती आणल्या, अनुबियास आणि जावा फर्न. या दोन्हींचा आडवा कंद खडीत पुरायचा नसतो, पुरला तर कुजतो. सुती दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचा. मुळे आपोआप धरतात. लांब पातीसारखी व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरायन मागाहून, गोल्डफिश गेल्यावर लावल्या. दिवा रोज सहा-सात तासच. प्रकाश वाढवला की वनस्पती जोमाने वाढेल असे वाटते, पण आधी शेवाळच माजते. आणखी एक, रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. म्हणून उन्हाळ्यात रात्रभर हवेचा पंप चालू ठेवतो.

क्रिप्टोकोरायन लावली आणि दहा दिवसांत तिची सगळी पाने विरघळून गेली. पाण्यात नुसता चिखल. सौ. म्हणाल्या, “मेली ती. काढून टाका.” नातीने काढू दिली नाही. ही जात जागा बदलली की पाने टाकते, पण मूळ जिवंत असते. चौथ्या आठवड्यात खडीतून तपकिरी रंगाचे एक गुंडाळलेले पान वर आले.

हे पाहताना मला आळंदीला शिकायला येणारी मुले आठवली. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतली मुले तिथे येतात. घर सोडून आलेला मुलगा पहिले पंधरा दिवस असाच गळतो. जेवत नाही, पाठांतर होत नाही, रात्री पांघरुणात रडतो. अशा वेळी जाणता गुरुजन त्याला उपटून परत पाठवत नाही. मूळ धरले आहे का, तेवढे पाहतो आणि थांबतो.

आता सर्वांत अवघड भाग. जुन्या तिघांचे काय?

हा प्रश्न सौ.नी पहिल्याच दिवशी विचारला होता. “झाडं येतील, नवे येतील. पण हे तिघं कुठे जाणार? त्यांचं ठरल्याशिवाय मी काही हलवू देणार नाही.” मुलगी द्यायची असली की स्थळ बघतात, तसे स्थळ बघूनच पाठवायचे, असे त्यांनी बजावले.

आमचे विणेकरी म्हणाले, “त्यात काय, बुवा! येत्या एकादशीला देहूला जाऊ, इंद्रायणीत सोडू. जीव मोकळा होईल, आपल्याला पुण्य लागेल.”

वाचकहो, त्यांचा भाव शुद्ध होता. देहूच्या डोहातल्या माशांना भाविक पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालत आले आहेत, तिथे जाळे टाकू देत नसत. ज्या डोहाने तुकोबांच्या वह्या राखल्या, तो आपल्या माशाला राखणार नाही का? कोणाही माळकऱ्याच्या मनात हेच येईल. पण नातीने जे सांगितले त्यानंतर मला ते करता येईना.

तो डोह ज्यांचा आहे, त्या माशांचा विचार करा. सह्याद्रीतून निघणाऱ्या या नद्यांचा मानाचा मासा महाशीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ असे आहे. देहूचा डोह अशा माशांसाठी ओळखला गेला. याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. आपला सकर दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडासारखे कवच, परांना काटे. त्याला खाणारे आपल्या नदीत फारसे कोणी नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि जगतो, म्हणजे घाण पाण्यातही तोच तगतो. काठाला बिळे पाडून अंडी घालतो, काठ ढासळतो. कोळ्यांच्या जाळ्यात अडकला की जाळे फाटते. असे मासे २०२० मध्ये काशीजवळ गंगेतही सापडले. ते तिथे पोहत आले नाहीत. कोणीतरी टाकी रिकामी केली आणि हात जोडून गंगेत सोडले, किंवा कुठल्या तळ्यातून पुरात निसटले.

आणि इंद्रायणीत सोडलेला मासा इंद्रायणीतच राहतो का? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात जाते. उजनीतून पाणी सुटते ते चंद्रभागेत येते. आपण पालखीबरोबर चालत जातो ती वाट नदीनेही जाते. देहूला सोडलेला मासा किंवा त्याची पिल्ले पंढरीच्या वाळवंटापर्यंत जाऊ शकतात. उजनीच्या काठचे कोळी ज्याला चिलापी म्हणतात तो मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. आज उजनीच्या जाळ्यांत चिलापी मुबलक आणि जुने देशी मासे कमी झाल्याची तक्रार कोळी करतात. एकदा पाण्यात मिसळलेले वेगळे काढता येत नाही.

वनस्पतींचेही तेच. इंद्रायणीवर हिरवा गालिचा पसरवणारी जलपर्णी वारकऱ्यांना वेगळी दाखवायला नको. आळंदीच्या घाटावर उभे राहिले की दिसते. तीही दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी ती आपल्या देशात आणली गेली. कोणाच्या तरी बागेतल्या हौदातली हौस आज आपल्या नद्यांच्या गळ्याशी आली. म्हणून टाकीतल्या वनस्पती छाटल्या की छाट आम्ही उन्हात वाळवतो आणि कुंड्यांच्या खतात घालतो. नाल्यात टाकत नाही.

हे सगळे मी विणेकऱ्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बुवा, तुमचं म्हणणं पटतं. पण नदीत सोडताना मनाला जे वाटतं, ते दुसऱ्याच्या हौदात सोडताना वाटणार नाही.”

मी त्यांना खोडून काढले नाही, कारण तेही खरे आहे. जीव मोकळा केल्याचा आनंद फार गोड असतो. पण तो आनंद आपला असतो. त्याची किंमत महाशीर देतो, कोळी देतो, नदी देते. आपल्या मनाला हलके वाटावे म्हणून नदीच्या डोक्यावर ओझे ठेवणे, याला भूतदया म्हणता येईल का? सत्यव्रताच्या ओंजळीतली मासोळी हेच सांगत होती, की मला नदीत टाकून मोकळा होऊ नकोस.

स्थळ शोधायला सहा आठवडे लागले. दोन्ही गोल्डफिश माझ्या भाच्याच्या अंगणात गेले. तिथे दहा फूट लांबीचा सिमेंटचा हौद आहे, वर जाळी, नदी-नाल्याशी संबंध नाही. हौदाचे पाणी त्याच्या नारळांना जाते. सकरसाठी नातीने एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारले. त्यांच्याकडे मोठी टाकी होती, त्यांनी तो ठेवून घ्यायचे कबूल केले. न्यायच्या दिवशी अडचण आली. त्याच्या काट्यांनी प्लास्टिकची पिशवी फाटते. म्हणून झाकणाची मोठी बादली घेतली, अर्धी टाकीच्याच पाण्याने भरली. बादली उचलायला कोण आले असेल? आमचे विणेकरी. रिक्षात दोन पायांत बादली धरून बसले होते आणि वाटेत एकदा झाकण किंचित उघडून पाहत म्हणाले, “आहे बरं का, माउली शांत आहे.”

मोठ्या टाकीत सोडल्यावर सकर थोडा वेळ तळाला पडून राहिला. मग वळला. एका दमात, शेपटी कुठेही न घासता वळला. आम्ही तिघेही काही बोललो नाही.

नव्या माशांबद्दल माझी अट होती. रानातून पकडलेला नको, वाढून टाकीला न पुरणारा नको. नातीला आवडला होता ‘मिस केरळ’, अंगावर तांबडी आणि काळी रेघ असलेला देखणा मासा. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांचा हा रहिवासी. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नावच ‘सह्याद्रिया’ असे दिले. शोभेच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. शिवाय तो बोटाहून मोठा होतो, थव्याने पोहतो, त्याला तीन फूट अपुरे. नातीने स्वतःच नाव खोडले. त्याऐवजी झेब्रा डॅनियो आणले. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा, लांबी दीड इंच, मूळ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिलेल्या ग्रंथात याचे वर्णन आहे. हा घरात सहज अंडी घालतो. नातीच्या एका मैत्रिणीच्या टाकीत जन्मलेली आठ पिल्ले मिळाली.

तीही एकदम सोडली नाहीत. तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवली, रोग नाही हे पाहिले. मग चार आणि पंधरा दिवसांनी आणखी चार. जिवाणूंची वस्ती जेवढे ओझे असेल तेवढीच असते. गोल्डफिश गेल्यावर ती घटलेली होती, नव्या ओझ्याला पुरेशी वाढायला तिला वेळ द्यावा लागतो. दिंडीत नवा टाळकरी येतो तो पहिल्या दिवशी विणेकऱ्यापुढे उभा राहत नाही. मागे चालतो, पाऊल जुळवतो. दिंडीची चाल त्याला सामावून घेते आणि मोडतही नाही.

सौ.चा एक प्रश्न मात्र राहिला होता. “उद्या पोरगी शिकायला बाहेरगावी गेली तर पाणी कोण बदलणार?” हा प्रश्न साधा नाही. डॅनियो तीन-चार वर्षे सहज जगतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने जीव घरी आणताना आपल्यामागे त्याला कोण पाहील, हे आधी ठरवावे. आम्ही ठरवले. तोवर शनिवार माझा. गुडघ्यांमुळे भरलेली बादली उचलत नाही, म्हणून अर्धी अर्धी बादली पाच खेपा करतो. जुने पाणी कुंड्यांतल्या रोपांना आणि तुळशीला घालतो. माशांच्या पाण्यावर तुळस यंदा चांगली फोफावली आहे. एकादशीचा, हरिपाठाचा नेम असतो तसा हा नेम. सेवा म्हणावी एवढी मोठी गोष्ट नाही. पण चुकवली तर कोणाचा तरी श्वास अडतो, म्हणून चुकवत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी टाकी नसेल. पण मुलाच्या, पुतण्याच्या, शेजाऱ्याच्या घरी असेल. कंटाळा आला, मासा मोठा झाला, घर बदलले की कोणीतरी म्हणेल, नदीत सोडून येऊ. त्या वेळी त्याला थांबवा. दुकानदार परत घेतो का पाहा, दुसरा पाळणारा शोधा, बंद हौद शोधा. वेळ लागला तर लागू द्या, तोवर पाणी बदलत राहा. आणि टाकीत काही नवे करायचे असेल तर आधी जुन्यातले काय राखायचे ते जाणत्याला विचारा.

आषाढीला चंद्रभागेत उभे राहून आपण ओंजळ भरतो. त्या पाण्यात कोणाकोणाचा संसार चालला आहे, हे वरून दिसत नाही. त्यांचे पाणी राखणेही वारीतच मोडते, असे या वयात मला वाटू लागले आहे.

रामकृष्ण हरी.